कामकाज न थांबवता बॅकअप: सुरुवात रिस्टोअरपासून

"बॅकअपसाठी सर्व्हर किती वेळ बंद ठेवावा लागेल?" हा प्रश्न नेहमी विचारला जातो, आणि आजच्या साधनांनी त्याचं उत्तर सोपं आहे: काही सेकंद, बऱ्याचदा तेवढेही नाही. खरा वेळ उलट्या वाटेवर जातो. डिस्क मेली, फाइली कुणीतरी एनक्रिप्ट करून, म्हणजे कुलूपबंद करून टाकल्या, किंवा चुकीच्या टेबलवर डिलीट चाललं, की ती जपलेली प्रत शोधायची, आणायची, उभी करायची, तपासायची आणि मग लोकांना पुन्हा कामाला बसवायचं. बॅकअप रोज रात्री बिनबोभाट होत असतो आणि रिस्टोअरला, म्हणजे तो परत आणायला, तीन दिवस लागतात, अशा कचेऱ्या कमी नाहीत.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. आधी परत कसं यायचं ते ठरवायचं आणि त्यावरून बॅकअप कसा घ्यायचा ते. डोळ्यासमोर मध्यम आकाराचा व्यवसाय आहे: एक-दोन सर्व्हर, त्यावर काही आभासी मशीन (सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने चालवलेले वेगळे संगणक), एक मुख्य डेटाबेस, एक फाइल सर्व्हर, थोडं क्लाउडवर.

पायरी १: यादी आणि प्रत्येकापुढे दोन आकडे

कागद घ्या आणि ज्याच्याशिवाय काम अडतं ती प्रत्येक प्रणाली लिहा. प्रत्येकीपुढे दोन वेळा लिहायच्या. पहिली, किती वेळाचं काम हरवलेलं चालेल. याला आरपीओ म्हणतात. दुसरी, प्रणाली किती वेळ बंद राहिलेली चालेल, हा आरटीओ. दोन्ही आकडे वेगळे असतात. हिशोबाची प्रणाली एक दिवस बंद राहिली तर निभावेल, पण त्यातल्या नोंदी हरवलेल्या चालणार नाहीत. कंपनीच्या वेबसाइटचं नेमकं उलट: आठवड्यापूर्वीची प्रत चालेल, पण ती लगेच उभी राहायला हवी.

हे आकडे संगणक विभागाने परस्पर ठरवू नयेत. काम करणाऱ्यांना विचारा. पहिलं उत्तर "काहीच हरवायला नको आणि एक मिनिटही बंद नको" असंच येणार. मग दुसरा प्रश्न विचारा: गेल्या तासाभराच्या नोंदी गेल्या तर त्या कागदांवरून, ईमेलवरून पुन्हा भरता येतील का, आणि कोण भरेल? इथे आकडे जमिनीवर येतात. ऑर्डर घेणाऱ्या प्रणालीला १५ मिनिटं आणि १ तास, फाइल सर्व्हरला ४ तास आणि अर्धा दिवस, जुन्या संग्रहाला आठवडा, असं काहीतरी चित्र तयार होतं. सगळ्यांना एकच मोठा आकडा लावलात तर महत्त्वाचं उघडं पडतं, आणि एकच छोटा लावलात तर पैसा नको तिथे जातो.

यादीत ज्या गोष्टी हमखास सुटतात त्या अशा: फायरवॉल आणि स्विच यांची सेटिंग, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा), लॉगिन सांभाळणारा सर्व्हर, सॉफ्टवेअरच्या लायसन्स की, प्रमाणपत्रं, ठरावीक वेळी आपोआप चालणारी कामं, आणि खुद्द बॅकअप सॉफ्टवेअरची मांडणी. डेटाबेस परत आला, पण त्यात शिरायला लागणारं लॉगिनच मेलेलं असलं, तर तो आला काय आणि न आला काय.

२०१७ च्या जून महिन्यात नॉटपेट्या या सायबर हल्ल्यात माएर्स्क या जहाज कंपनीचं हेच झालं. जगभरातले त्यांचे सुमारे १५० डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांशी सतत जुळवून घेत असत. एक गेला तर दुसरा आहेच, असा त्यामागचा हिशोब होता. सगळे एकदम जातील हे कुणी धरलंच नव्हतं. वाचला तो फक्त घानामधला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेलेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की त्यावरचा डेटा शेवटी विमानाने इंग्लंडला न्यावा लागला.

म्हणून यादीखाली उभं करण्याचा क्रमही लिहून ठेवा. साधारणपणे आधी नेटवर्क, मग डीएनएस आणि लॉगिन, मग डेटाबेस, मग त्यावर चालणारी अ‍ॅप्लिकेशन, शेवटी फाइली आणि प्रिंटर.

पायरी २: परतीचा वेळ गणिताने काढा

१ टेराबाइट डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून उतरवायचा तर लाइन पूर्ण वेगाने, क्षणभरही न अडता चालली तरी सुमारे २२ तास लागतात. १ जीबीपीएसच्या स्थानिक नेटवर्कवर तेच काम सव्वादोन तासांत होतं. प्रत्यक्षात दोन्हीकडे त्याहून जास्तच वेळ जातो. तुमचा डेटा ३ टेराबाइट असेल, एकमेव प्रत क्लाउडवर असेल आणि आरटीओ ४ तासांचा लिहिलेला असेल, तर तो आकडा आत्ताच खोडा.

यातून निघणारा निर्णय सरळ आहे: घाईची प्रत जवळ हवी, त्याच नेटवर्कवर, वेगवान डिस्कवर. दूरची प्रत आग, पूर, चोरी आणि हल्ला यांच्यासाठी. तिच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवायची नाही, ती शाबूत राहिली की पुरे.

आणखी एक बाब वेळ खाते. लाखो छोट्या फाइली एकेक करून परत आणणं हे तेवढ्याच आकाराची एक मोठी फाइल आणण्यापेक्षा कितीतरी संथ असतं. फाइल सर्व्हरचा बॅकअप फाइलवार घेत असाल तर अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी एकसंध प्रतही घ्या. एखादी फाइल हवी तेव्हा फाइलवार प्रत, सगळंच गेलं तेव्हा इमेज.

पायरी ३: चालू प्रणाली गोठवा, मग सावकाश कॉपी करा

चालू डेटाबेसची फाइल उचलून दुसरीकडे टाकली तर होतं असं: कॉपी वीस मिनिटं चालते, पहिला भाग दहा वाजताचा आणि शेवटचा भाग दहा वीसचा असतो. त्या दोहोंचा एकमेकांशी मेळ नसतो. अशी प्रत दिसायला पूर्ण आकाराची असते आणि उघडायला गेलं की उघडत नाही. यावर जुना उपाय म्हणजे कॉपी होईपर्यंत सगळं बंद ठेवणं. डाऊनटाइमची सगळी भीती त्याच काळातली आहे.

आता गोठवणं आणि कॉपी करणं ही दोन कामं वेगळी करता येतात. स्नॅपशॉट घेतला की त्या क्षणाचं चित्र धरून ठेवलं जातं. त्यानंतर जे बदलेल त्याची जुनी आवृत्ती बाजूला राखली जाते, किंवा नवं लिखाण वेगळ्या जागी होतं. गोठवायला काही सेकंद पुरतात. पुढे दोन तास कॉपी चालली तरी ती त्या गोठलेल्या चित्रावरून चालते आणि लोक आपलं काम करत राहतात. विंडोजवर हे काम व्हॉल्यूम शॅडो कॉपी, म्हणजे व्हीएसएस करतं. विंडोज सर्व्हर २००३ पासून ते सोबतच येतं. लिनक्सवर एलव्हीएम, झेडएफएस, बीटीआरएफएस यांचे स्नॅपशॉट आहेत.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. नुसता स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्क ज्या अवस्थेत राहील ती अवस्था. चांगला डेटाबेस त्यातून स्वतःला सावरतो, कारण प्रत्येक बदल तो आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत लिहितो. पण त्यासाठी डेटा आणि लॉग एकाच क्षणी गोठलेले हवेत. डेटा एका व्हॉल्यूमवर (डिस्कच्या एका भागावर), लॉग दुसऱ्यावर आणि दोघांचे स्नॅपशॉट पाच सेकंदांच्या अंतराने, असं झालं तर सावरण्याची खात्री गेली. याहून पक्की पद्धत म्हणजे अ‍ॅप्लिकेशनला आधी सांगणं की आता गोठवतोय, हातातलं लिहून टाक. विंडोजवर हे काम 'रायटर' नावाचे छोटे घटक करतात. त्यातला एखादा बिघडलेला असेल तर काही साधनं गुपचूप साध्या स्नॅपशॉटवर उतरतात, म्हणून रायटरची स्थिती अधूनमधून बघत जा.

मुख्य डेटाबेसचा बॅकअप मात्र त्याच्या स्वतःच्या साधनानेच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आभासी मशीनचा बॅकअप जोडीला असू द्या.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबी प्रकारची टेबलं असतील तर डम्प (सगळा डेटा लिहून काढलेली फाइल) घेताना सिंगल-ट्रान्झॅक्शन हा पर्याय द्या. कुणालाही न अडवता एका क्षणाचं सुसंगत चित्र मिळतं. जुनी मायआयसॅम प्रकारची टेबलं मात्र यात बसत नाहीत, त्यांना कुलूप लागतंच, तेव्हा ती आधी बदलून घ्या. डम्प चालू असताना टेबलांची रचना बदलणारं काम कुणी करू नये, एवढं पथ्य. बायनरी लॉग (बदलांची नोंद) चालू ठेवून ते बाहेर साठवत गेलात तर हव्या त्या मिनिटापर्यंत पुढे जाता येतं.

पोस्टग्रेसमध्ये छोट्या डेटाबेसला पीजी-डम्प हे त्याचं डम्पचं साधन पुरतं. डेटाबेस मोठा झाला की बेस बॅकअप (त्याच्या फाइलींची पूर्ण प्रत) आणि त्यापुढचे वॉल लॉग, म्हणजे पोस्टग्रेसचे बदलांचे लॉग, साठवणं हा मार्ग धरा. डम्प परत भरताना सगळे इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) नव्याने बांधावे लागतात, आणि मोठ्या डेटाबेसवर त्यातच अर्धी रात्र जाते.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर फुल रिकव्हरी मॉडेल (सगळे लॉग जपणारी सेटिंग), आठवड्याला एक पूर्ण बॅकअप, रोज रात्री डिफरन्शियल (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर बदललेलं सगळं) आणि दर १५ मिनिटांनी लॉगचा बॅकअप, ही मांडणी बहुतेकांना पुरते. लॉगचा बॅकअप कुणाचं काम अडवत नाही. दोन गोष्टी सांभाळा. फुल मॉडेल लावून लॉगचा बॅकअप घेतलाच नाही तर लॉग फुगत जातो, डिस्क भरते आणि डेटाबेस थांबतो. बॅकअप न घेतल्याने झालेला हा अस्सल डाऊनटाइम. दुसरी, कुणी चाचणीसाठी मध्येच साधा पूर्ण बॅकअप घेऊन सोबत नेला, तर पुढचे डिफरन्शियल त्या नेलेल्या बॅकअपला जोडले जातात. अशा वेळी 'कॉपी-ओन्ली', म्हणजे या जोडणीला धक्का न लावणारा बॅकअप वापरायला लावा.

फाइलींवर चालणारी छोटी सॉफ्टवेअर असतात, ज्यांना हे काहीच ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी रात्री कमी वर्दळीच्या वेळी एक छोटी स्क्रिप्ट लावा: सेवा थांबवा, स्नॅपशॉट घ्या, सेवा सुरू करा, मग स्नॅपशॉटवरून कॉपी करा आणि शेवटी तो स्नॅपशॉट पुसा. बंद राहण्याचा काळ मिनिटाच्या आसपास. स्क्रिप्ट मध्येच अडखळली तरी सेवा सुरू झालीच पाहिजे, ही सोय तिच्यात आधी करा. नाहीतर सकाळी सगळे बंद पडद्याकडे बघत बसतील.

आणि पुसायचं विसरू नका. आभासी मशीनवर आठवडेच्या आठवडे राहिलेला स्नॅपशॉट वाढत जातो, मशीन संथ करतो आणि एक दिवस जागा संपवतो. शिवाय तो मूळ डिस्कवरच असतो. डिस्क गेली की तोही गेला, त्यामुळे त्याला बॅकअप म्हणू नये.

पायरी ४: रात्र थोडी, सोंगं फार

डेटा वाढला की रात्रीचा वेळ अपुरा पडतो आणि बॅकअप सकाळच्या कामात घुसतो. पूर्ण बॅकअप रोज घेण्याचा हट्ट सोडा. एकदा पूर्ण आणि मग फक्त बदललेले ब्लॉक (डिस्कवरचे छोटे तुकडे), असं घेणारी साधनं सहज मिळतात. पण बदलांची साखळी लांबली की रिस्टोअरही लांबतो, आणि मधली एक कडी तुटली तर पुढचं सगळं निरुपयोगी होतं. डिफरन्शियल पद्धतीत जागा जास्त लागते, पण परत येताना दोनच तुकडे जोडावे लागतात. अनेक साधनं जुन्या तुकड्यांतून बॅकअप सर्व्हरवरच नवी पूर्ण प्रत रचतात. ही सोय असेल तर जरूर वापरा, मूळ सर्व्हरवर तिचा भार पडत नाही.

डेटाबेसची दुसऱ्या सर्व्हरवर सतत अद्ययावत होणारी प्रतिकृती, म्हणजे रेप्लिका असेल तर बॅकअप तिच्यावरून घ्या. मुख्य सर्व्हरला झळही लागत नाही. फक्त ती किती मागे आहे ते आधी तपासायचं. दोन दिवसांपूर्वी अडकलेल्या रेप्लिकावरून रोज इमानेइतबारे बॅकअप घेतला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

रेप्लिका स्वतः मात्र बॅकअप नव्हे. मशीन मेलं तर ती वाचवेल, पण चुकून केलेलं डिलीट सेकंदाभरात तिच्यावरही पोचतं. रेडचं, म्हणजे एक डिस्क मेली तरी डेटा टिकवणाऱ्या डिस्कच्या जोडणीचं, तेच, फोल्डर जुळवणाऱ्या क्लाउड सेवांचंही बरंचसं तेच. हवी तर मुद्दाम तासभर मागे चालणारी रेप्लिका ठेवता येते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस दोन्हींत ही सोय आहे. चूक तासाच्या आत लक्षात आली, तर तिथून परत यायला काही मिनिटं लागतात.

पायरी ५: प्रती कुठे ठेवायच्या

३-२-१ हा नियम छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे सर्वांपर्यंत पोचला: डेटाच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. तो अजून पाळण्यासारखाच आहे. त्यात आज एकाची भर घालावी लागते: एक प्रत अशी, जी तुमच्या प्रशासकाच्या पासवर्डनेही पुसता येणार नाही.

२०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात हल्लेखोर शिरला आणि त्याने मशीन, डेटा आणि बॅकअप बहुतांशी पुसून टाकले. सगळं एकाच खात्याखाली होतं. कंपनी तिथेच संपली. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा काही ग्राहकांच्या लक्षात आलं की त्यांच्या बॅकअपच्या प्रतीही त्याच आवारात होत्या. क्लाउड म्हटलं तरी जागा कुठली हे विचारायलाच हवं.

प्रत्यक्षात करायचं ते असं. बॅकअप सर्व्हर कंपनीच्या डोमेनमध्ये (सगळ्यांच्या सामायिक लॉगिन व्यवस्थेत) जोडू नका. त्याची लॉगिन वेगळी, दोन टप्प्यांची. मूळ सर्व्हरने बॅकअप ढकलण्यापेक्षा बॅकअप सर्व्हरने तो ओढून घेतलेला बरा, म्हणजे मूळ सर्व्हर हातचा गेला तरी त्याच्याकडे बॅकअपची किल्ली नसते. क्लाउडवर ऑब्जेक्ट लॉक लावा, ठरवलेल्या मुदतीआधी प्रत पुसता येत नाही. ते जमत नसेल तर दोन बाहेरच्या डिस्क आलटून पालटून जोडा. केबल काढून कपाटात ठेवलेल्या डिस्कपर्यंत कुठलाही व्हायरस पोचत नाही. डेटा खूप असेल तर टेप अजूनही उत्तम. एलटीओ-९ प्रकारच्या टेपच्या एका कार्ट्रिजमध्ये १८ टेराबाइट मावतात.

बाहेर जाणारी प्रत्येक प्रत एनक्रिप्ट करा. आणि ती उघडणारी किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. छापून, पाकिटात घालून, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.

किती दिवस जपायचं? शेवटचे दोन दिवस दर तासाची, महिनाभर रोजची, वर्षभर महिन्याची, ही सुरुवात बरी आहे. फक्त आठवडाभराच्या प्रती ठेवणं धोक्याचं. हल्लेखोर कित्येकदा बरेच दिवस आत दबा धरून असतो, आणि डेटाबेसमधला बिघाडही उशिरा दिसतो. तोवर सगळ्या प्रती बिघडलेल्याच असतात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

पायरी ६: रिस्टोअर करून बघा, घड्याळ लावून

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. बॅकअपच्या अनेक पद्धती कागदावर होत्या. रोजचा डम्प चुकीच्या आवृत्तीच्या साधनाने चालत असल्यामुळे बनतच नव्हता, आणि तो फसल्याचे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने त्यांना वाचवलं. तोही संथ डिस्कवर असल्यामुळे कॉपी व्हायला १८ तासांच्या आसपास लागले. हे सगळं कंपनीने स्वतः सविस्तर प्रसिद्ध केलं, म्हणून आपल्याला शिकायला मिळतं.

यावरून दोन सवयी लावून घ्या. पहिली, फसल्याच्या संदेशावर विसंबू नका; यशाचा संदेश आला नाही तर घंटा वाजली पाहिजे. बॅकअपचा आकारही नोंदवत जा. काल ४० जीबी आणि आज २ जीबी असेल, तर हिरव्या खुणेला काही अर्थ नाही.

दुसरी, महिन्यातून एकदा मुख्य प्रणाली वेगळ्या, बाहेर न जोडलेल्या नेटवर्कवर प्रत्यक्ष उभी करा. वेगळं नेटवर्क यासाठी की उभी राहिलेली नक्कल खऱ्या ग्राहकांना ईमेल पाठवायला लागू नये. सुरुवात आणि शेवट यांची वेळ लिहा. मशीन सुरू झालं यावर थांबू नका: लॉगिन होतं का, शेवटची नोंद किती वाजताची आहे, नेहमीचा एखादा अहवाल निघतो का, हे रोज ते काम करणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. कधीतरी हे काम नेहमीच्या तंत्रज्ञाऐवजी दुसऱ्याला, फक्त लिहिलेल्या सूचना हातात देऊन करू द्या. सूचनांमधल्या भेगा तेव्हाच दिसतात.

पायरी ७: प्रत्यक्ष त्या दिवशी

घाई होईलच, म्हणून क्रम छापून भिंतीवर लावा.

१. हल्ल्याची शंका असेल तर आधी नेटवर्क तोडा. बॅकअपची डिस्क बाधित मशीनला जोडू नका.

२. बॅकअपची वेळापत्रकं थांबवा, विशेषतः जुन्या प्रती पुसणारं. गोंधळात हेच राहतं आणि शेवटची चांगली प्रत नियमानुसार पुसली जाते.

३. खरंच सगळं परत आणायला हवं का, ते ठरवा. एक टेबल गेलं असेल तर प्रत बाजूला वेगळ्या नावाने उभी करा आणि तेवढ्याच ओळी मुख्य डेटाबेसमध्ये आणा. बाकीच्यांचं काम चालू राहतं.

४. सगळंच आणायचं तर जुन्याच्या डोक्यावर नको, नव्या जागी आणा. बिघडलेली डिस्क तशीच जपा. तिच्यातून शेवटच्या काही मिनिटांचे लॉग मिळू शकतात.

५. आभासी मशीन थेट बॅकअपच्या साठ्यावरून सुरू करण्याची सोय साधनात असेल, तर ती अशाच वेळेसाठी आहे. मशीन काही मिनिटांत उठतं, जरा संथ चालतं, आणि चालू असतानाच मूळ डिस्कवर हलवता येतं.

६. पूर्ण प्रत, मग डिफरन्शियल, मग लॉग, आणि चुकीच्या क्षणाच्या किंचित आधी थांबा. तो क्षण नेमका कोणता, हे लॉग भरायला घेण्याआधी पक्कं करा.

७. आधी दोन-तीन जणांना आत सोडा, त्यांनी होकार दिला की सगळ्यांना. किती वाजेपर्यंतच्या नोंदी आल्या आहेत ते स्पष्ट सांगा, म्हणजे पुढच्या नोंदी लोक पुन्हा भरतील.

८. लगेच नवा पूर्ण बॅकअप घ्या आणि थांबवलेली वेळापत्रकं पुन्हा सुरू करा. हव्या त्या क्षणापर्यंत मागे आणलेल्या डेटाबेसची लॉगची साखळी तिथून नव्याने सुरू होते; हा बॅकअप पूर्ण होईपर्यंत तुम्ही बऱ्याच अंशी उघड्यावर असता, तेव्हा तो झाल्याशिवाय कुणी घरी जाऊ नये.